उजवं इंजिन, योशी!

इत्सुए साकोदाच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जात. मिझोबेच्या पठारावर विमानतळ आला तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं. तेव्हापासून चहाच्या रांगांत वाकलेली असताना वर मान करून बघायची गरज तिला कधी वाटली नाही. विमान म्हणजे तिच्या लेखी कावळा. असतो, ओरडतो, जातो. पण यंदाच्या नव्या वर्षापासून विमानं घरात शिरली आणि तिथे मात्र तिचं डोकं फिरलं.

हे उद्योग नातीचे. कानोको सुट्टीला आली आणि म्हणाली, "आजी, आजोबा नुसते भिंतीकडे बघत बसतात गं." मग तिनं टीव्हीला काहीतरी जोडलं, फोनवर बोटं नाचवली आणि जुन्या विमानांचा एक अख्खा बाजारच पडद्यावर मांडला. महिन्याची वर्गणी भरायची आणि हवं ते बघायचं. कापडी पंखांची विमानं, पाण्यावर उतरणारी विमानं, दुधी भोपळ्यासारखी फुगलेली उडती जहाजं, सगळ्यांचे माहितीपट. पहिले दोन महिने फुकट. नात निघून गेली, भोपळे राहिले.

"अहो, हा माणूस इंग्रजीत काय बडबडतोय?" इत्सुए विचारायची. खाली जपानी अक्षरं पळायची, पण तिची शाळा शेताच्या बांधावरच संपली होती. एक ओळ लावेपर्यंत दुसरी हजर. तेइझोला पूर्वी वाचता यायचं. आता त्यालाही येत नव्हतं. म्हणजे दोघं मिळून एक अडाणी, असं ती स्वतःशीच म्हणायची.

गेल्या शरदात तेइझोला झटका आला. उजवा हात ओल्या टॉवेलसारखा झाला आणि शब्द गेले. समजायचं सगळं. भूक, दुखणं, बायकोचे टोमणे, सगळं. बोलायला गेला की "ते… ते ना…" एवढंच यायचं आणि मग तो हात झटकून गप्प व्हायचा. हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी पोरगी म्हणाली होती, "आजी, त्यांना वेळ द्या." इत्सुएनं तिला तोंडावर सांगितलं, "बाई, आयुष्य दिलंय. वेळेचं काय घेऊन बसलीस!"

तसं बघितलं तर तेइझो आधीही बोलका नव्हताच. साकोदांच्या घरात मुलगा नव्हता, म्हणून कोशिकी बेटावरच्या कोळ्याचा हा धाकटा पोर घरजावई करून आणला, साकोदा नाव त्याला चिकटवलं. पहिल्याच हंगामात सासऱ्यानं बघितलं, जावयाचा हात चहाच्या कोंबांना लागला की कोंब मोडतात. मग तो विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीला लागला आणि तिथेच निवृत्त झाला. घरात जेवायला काय, पोरीला कोणती शाळा, छपराला कोणता रंग, काहीही विचारा, तो म्हणायचा "बरं." दोघांत मिळून तोंड एकच होतं आणि ते इत्सुएकडे होतं. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. शेतं आता पुतण्या बघत होता, पण तिच्या हुकुमाशिवाय तिथलं पान हलत नव्हतं. नवऱ्याचं वेगळं काय!

फेब्रुवारीत तेइझो न्हाणीत पडला. हाड मोडलं नाही, नशीब. पण पुढच्याच रविवारी कागोशिमा शहरातून मुलगी आली, मिनाको. आली ती बूट काढतानाच बोलायला लागली.

"आई, मी स्पष्ट बोलते."

"अस्पष्ट कधी बोललीस? पोर कुणाची!"

"बाबा थंड फरशीवर पडून होते. तू कुंपणापाशी शेजारणीशी बोलत होतीस."

"बोलत नव्हते. थंडीत चहावर टाकायची जाळी कशी बांधायची ते तिला शिकवत होते. तिला गाठसुद्धा मारता येत नाही."

"हाक मारली असती तर तू चार उड्यांत आली असतीस. त्यांना हाक मारता येत नाही, हाच तर प्रश्न आहे." मिनाकोनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. "शहरात माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे. एप्रिलमध्ये जागा रिकामी होतेय."

"घंटा दिली होतीस की गळ्यात बांधायला."

"ती बाबांनी काढून चहाच्या डब्यात ठेवली, तूच सांगितलंस."

"मग? गाय आहे का तो, घंटा बांधायला?"

तेइझो टीव्हीसमोर बसून ऐकत होता. पडद्यावर कुणीतरी बर्फात विमान ढकलत होतं.

मिनाकोचा आवाज खाली आला. "आई, मला बाबांना हाकलायचं नाहीये. पण मला रोज भीती वाटते. अडचण आली तर त्यांनी काहीतरी म्हणावं. 'ये' म्हणावं, 'नको' म्हणावं, काहीही, पण स्वतःहून, मोठ्यानं. तसं झालं तर मी तिथे फोन करून सांगते, आम्हाला जागा नको. नाही झालं, तर एप्रिलमध्ये मी गाडी घेऊन येणार. मग तू अंगणात आडवी पडलीस तरी."

इत्सुएच्या जिभेवर चार उत्तरं होती. पण पोरगी रडत होती आणि खोटं बोलत नव्हती. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायची इत्सुएला सवय नव्हती. ती उठून मुळ्याचं लोणचं कापायला गेली.

नंतरच्या आठवड्यात एकदा ज्वालामुखीकडून वारा फिरला आणि राख आली. इत्सुएनं दोरीवरचे कपडे ओढून आत आणले आणि टीव्हीच्या खोलीतच घड्या घालायला बसली. पडद्यावर यावेळी इंग्रज नव्हते. आपल्याच देशात बनलेलं दोन पंख्यांचं जुनं वायएस विमान होतं, बेटांवर जाणारं, ज्याच्या पोटाखाली तेइझोची उमेदीची वर्षं गेली. पडद्यावरचा रंग फिका पडला होता. एक कामगार विमानासमोर उभा राहिला. पंखा हळूच फिरायला लागला.

तेइझोचा डावा हात वर गेला. बोट पडद्याकडे ताठ झालं.

"उजवं इंजिन, योशी!"

खणखणीत. पोटातून. अडखळणं नाही की "ते ना" नाही. योशी, म्हणजे ठीक आहे, पुढे चला. विमानतळावर, रेल्वेत, गॅसच्या दुकानात हात दाखवून जो तो म्हणतो तेच, पण या घरात शरदापासून एवढं सरळ वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. म्हणजे इत्सुए सोडून कुणी.

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. "काय म्हणालात? परत म्हणा! उजवं काय? म्हणा की! उ-ज-वं…"

तेइझोनं तिच्याकडे बघितलं. "ते… ते ना…" आणि हात खाली.

तिनं रिमोट उचलला. मागे न्यायचं कोणतं बटण ते तिला ठाऊक नव्हतं. एक दाबलं तर भोपळा आला. दुसरं दाबलं तर भोपळा पेटला. तिसऱ्यानं सगळंच बंद पडलं. "मेलं हे यंत्र!" म्हणून तिनं टीव्हीच्या पाठीत एक चापट मारली.

पुढचे काही दिवस तिनं घरात शाळाच मांडली. वायएसचा तो माहितीपट कसाबसा शोधून ती नवऱ्याशेजारी गुडघे मोडून बसायची. पंखा फिरायच्या आधीच सुरू व्हायची, "आता म्हणायचं हं, आता, उजवं…" आणि तो एक अक्षर बोलायचा नाही. ती स्वयंपाकघरात गेली की मात्र आतून ऐकू यायचं, "पंख्याजवळ कुणी नाही, योशी!" ती पळत यायची. तो गप्प. जणू मांजर आलं आणि उंदीर बिळात गेला.

"माझ्याशी वैर आहे का तुमचं?" ती ओरडली. त्यानं मान खाली घातली.

शेवटी तिनं नाक मुठीत धरून हामासाकीला फोन केला. हामासाकी म्हणजे तेइझोचा विमानतळावरचा जोडीदार, आणि पंधरा दिवसांतून एकदा त्याला रताळ्याची दारू पाजून घरी सोडणारा. एकदा दोघं येऊन तिच्या कोवळ्या रोपांवर झोपले होते, तेव्हापासून त्याला या घराची पायरी बंद होती.

तो लगेच आपल्या छोट्या ट्रकमधून आला. हातात तळलेल्या माशांच्या वड्या. "वहिनी, वनवास संपला का माझा?"

"संपला नाही. सवलत आहे. बस."

माहितीपट सुरू झाला. हामासाकी तेइझोच्या डावीकडे, एक हात अंतरावर बसला आणि चक्क गप्प राहिला. पंखा फिरला. तेइझोचं बोट वर गेलं. "उजवं इंजिन, योशी!"

हामासाकीचंही बोट वर गेलं. "उजवं इंजिन, योशी."

"मागे मोकळं, योशी!"

"मागे मोकळं, योशी."

असे दोघं पडद्यावरचं विमान अख्खं तपासून गेले. शेवटी विमान धावपट्टीकडे वळलं तेव्हा दोघांनी हात हलवून त्याला निरोप दिला. तेइझोच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा, जसा पगाराच्या दिवशी असायचा.

इत्सुए दारात उभी राहून बघत होती. "माझ्यासमोर का बोलत नाही हा माणूस?"

हामासाकीनं वडी तोंडात टाकली. "वहिनी, रागावू नका."

"रागवायचं की नाही ते मी ठरवीन. तू बोल."

"आमच्यात एकानं बोट दाखवून म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. पहिल्याचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. उघडलं तर काम थांबलं, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दादाचं वाक्य त्याच्याआधीच म्हणून मोकळ्या होता. मग त्यानं काय म्हणायचं?"

"म्हणजे मी गप्प बसायचं?"

"होय."

"किती वेळ?"

"जितका वेळ लागेल तितका."

इत्सुएनं त्याच्या ताटलीतल्या उरलेल्या वड्या उचलून आत नेल्या. पण दुसऱ्या दिवशी ती टीव्हीसमोर नवऱ्याच्या डावीकडे बसली, एक हात अंतरावर. तोंडात मुळ्याच्या लोणच्याची जाड फोड धरली होती, म्हणजे बोलावंसं वाटलं तर आधी ती चावावी लागेल. पंखा फिरला. तेइझोनं तिरक्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलं. ती मुळ्यासारखी पांढरी आणि गप्प. बराच वेळ गेला. मग बोट वर गेलं.

"उजवं इंजिन… योशी."

तिनं मुळा गालात सरकवला. "उजवं इंजिन, योशी."

तिला हे काम भलतंच जड गेलं. तिची आई म्हणायची, आमची इत्सुए पोटातूनच भांडत आली. पण ती बसली. एके दिवशी नेमके फुकटचे महिने संपल्याची पाटी पडद्यावर आली, तेव्हा ज्या बाजाराला तिनं दोन महिने शिव्या दिल्या, त्याच्याच वर्गणीचं कार्ड आणायला ती फाट्यावरच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या पोराला म्हणाली, "विमानांचं कार्ड दे. आणि हसू नकोस."

पडद्यावरून हळूहळू बोट घरात आलं. हामासाकीनंच सुचवलं होतं. सकाळी गॅसकडे बोट. "गॅस बंद, योशी." "गॅस बंद, योशी." किटलीकडे, मागच्या दाराकडे, पूर्वजांच्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीकडे. काही दिवस छान जायचे. काही दिवस एक शब्द फुटायचा नाही आणि तेइझो उशी फेकायचा. कधी शब्द यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका सकाळी त्यानं भाताच्या कुकरकडे बोट करून ठासून सांगितलं, "उजवं इंजिन, योशी!"

इत्सुएच्या जिभेच्या शेंड्यावर आलं होतं, अहो, डोळे फुटले का? पण नियम म्हणजे नियम. तिनं कुकरकडे बोट केलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "उजवं इंजिन, योशी." कुकरनं वाफ सोडली. तेइझोला स्वतःची चूक कळली आणि तो हसायला लागला. शरदानंतर पहिल्यांदा. ती पण हसली. त्या दिवसापासून साकोदांच्या घरात कुकरचं नाव इंजिन पडलं.

तिनं मोठ्या तोऱ्यात मिनाकोला फोन लावला. "ऐक तुझ्या बापाला." तेइझोनं फोनसमोर गॅस, किटली, दार, सगळं म्हणून दाखवलं.

पलीकडून पोरगी म्हणाली, "आई, फार छान वाटलं गं. पण बाबा सगळ्याला ठीक ठीकच म्हणतायत. फरशीवर पडल्यावर 'ठीक' म्हणून काय उपयोग?"

इत्सुएनं फोन ठेवला तो आपटूनच. पण गोष्ट काट्यासारखी रुतून बसली. तिनं हामासाकीला पुन्हा बोलावलं.

"काय रे, तुमच्यात बिघाड असला तर काय म्हणायचे? का सगळी विमानं धुतल्या तांदळासारखी?"

"थांबा, म्हणायचे. दोन्ही हातांची डोक्यावर फुली करून. आणि वहिनी, खरं सांगू? आमच्या अख्ख्या टोळीत दादासारखा 'थांबा' कुणी म्हणत नसे. आत वैमानिक असो नाहीतर मोठा साहेब, तेल थेंबभर गळालं की हा पंख्यासमोर हातांची फुली करून उभा. विमान हलू द्यायचा नाही."

"हा?" इत्सुएनं नवऱ्याकडे बोट केलं. "या घरात कधी कशाला नको म्हणाला नाही हा."

हामासाकी छताकडे बघायला लागला. "या घरात ते विचारलं कुणी, वहिनी?"

त्याला तिनं त्या दिवशी चहासुद्धा दिला नाही. पण तो गेल्यावर ती शेतात जाऊन चहावर ताणलेल्या काळ्या जाळ्यांखाली बराच वेळ उगाच हिंडली. छपराचा तो रंग तेइझोला आवडला होता का, हे तिला आठवेना. आठवणार कसं? ठाऊकच नव्हतं.

मग तिनं त्या बाजारात बिघाडांचे माहितीपट शोधले. नाव वाचता यायचं नाही, चित्र बघून लावायची. धूर दिसला की लावलं. धुरात तेइझो बोट उचलायचा, ओठ हलायचे, आणि तिथेच अडकायचा. "था… था…" इत्सुए मुळा चावत बसायची. मार्च संपला, कोंब तरारले, त्याच्या तोंडून तो शब्द पूर्ण काही बाहेर पडला नाही.

एप्रिलमध्ये मिनाको आली. गाडी घेऊन. तीन कप चहा झाला, हंगामाची पहिली पत्ती, हिरवीगार. मिनाकोनं कप हातात धरला, प्यायली नाही. बापासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाली, "बाबा, मला तुमच्याकडून ऐकायचंय. माझ्या घराजवळ राहायला याल? मी रोज येईन भेटायला."

"नाही येणार!" इत्सुए म्हणाली. "काय म्हणून यावं? इथे त्यांना सगळं मिळतं. त्यांना शहरातलं पाणी मानवत नाही, त्यांना दुसऱ्याच्या हातचा मुळा चालत नाही, त्यांना…"

"थांबा!"

कप हलला. तेइझोचा डावा हात डोक्याच्या वर आडवा गेला होता. उजवा उठत नव्हता, म्हणून फुली अर्धीच झाली होती, पण ती अर्धी फुली सरळ इत्सुएच्या तोंडासमोर होती. डोळे असे, की तिनं ते या घरात कधी बघितले नव्हते. हे तेल गळणाऱ्या विमानासमोरचे डोळे असणार.

"थांबा," तो पुन्हा म्हणाला. हळू, पण पूर्ण.

इत्सुएचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मुळा नव्हता, काही नव्हतं, तरी ती गप्प राहिली. तेइझोच्या ओठांवर शब्द येत आणि परत जात होते. त्याची मान लाल झाली. कुणी मदत केली नाही. मदत न करणं केवढं कष्टाचं असतं ते इत्सुएला आता चांगलं ठाऊक होतं.

त्याचं बोट खाली आलं. चटईवर टेकलं.

"इथे…" तो म्हणाला. मग बोट मुलीकडे गेलं. "तू… ये. रविवारी." आणि मग, काम उरकल्यासारखं, "योशी."

इत्सुएनं चटईकडे बोट केलं. "इथे, योशी."

मिनाकोनं डोळे पुसले, बोट आपल्याच छातीवर ठेवलं. "मी, रविवारी, योशी."

फोन तिनं तिथूनच केला. म्हणाली, जागा दुसऱ्या कुणाला द्या, बाबा नाही म्हणतायत. "बाबा" या शब्दावर तिनं जोर दिला. जाताना न्हाणीत धरायला दांड्या बसवायचं मात्र कबूल करून घेतलं, आणि इत्सुए दांड्यांच्या रंगावरून काही बोलणार तेवढ्यात थांबली. "अहो, पांढऱ्या की लाकडी?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्याला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की मिनाकोची गाडी वळणापलीकडे गेली. लाकडी.

नवा शब्द हाती लागल्यावर तेइझोनं तो पोरासारखा वापरला. पाणी फार गरम, थांबा. मुळ्याची तिसरी वाढ, थांबा. शेजारणीची निंदा रंगात आलेली, थांबा. "मला थांबा म्हणता?" इत्सुए ओरडायची. "या घरात? माझ्या बापाच्या घरात?" आणि शेजारणीला कुंपणावरून सांगायची, "आमचे हे फार तापट हो, काही चालू देत नाहीत," तेही अशा थाटात, जसं कुणी नवी पैठणी मिरवावी.

कापणीच्या ऐन धांदलीत ती पुतण्याला यंत्र कसं वळवायचं ते सुनावत होती, तेव्हा घरातून हाक आली. यंत्राच्या घरघरीवरून, कुंपणावरून, स्पष्ट.

"थांबा! …इत्सुए!"

अर्धं वाक्य पुतण्याच्या डोक्यावर तसंच सोडून ती धावली. बुटांसकट आत शिरली. तेइझो आपल्या जागी धडधाकट बसला होता आणि टीव्हीकडे बोट रोखून रागानं लाल झाला होता. पडद्यावर कुठल्यातरी परदेशी विमानतळावर एक टोपीवाला फिरत्या पंख्याच्या अगदी जवळ उभा होता.

"तो… माणूस…" तेइझो म्हणाला. इत्सुए धापा टाकत उभी राहिली. चटईवर तिच्या बुटांची माती सांडत होती. "चुकीच्या… जागी… उभा आहे."

एवढं लांब वाक्य! तिनं बोट उचललं. "तो माणूस चुकीच्या जागी उभा आहे," ती अक्षरन् अक्षर म्हणाली. मग नियमात नसलेलं एक वाक्य तिनं आपल्या पदरचं जोडलं. "गाढव कुठला!"

तेइझोनं विचार केला.

"योशी," तो म्हणाला.